मुलामा आणि धातू : सत्ता-संपत्तीच्या कथनाविषयी काही विचार

१

एखाद्या कालखंडाला कादंबरीचे नाव मिळावे, असे वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच घडते. यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेतील तीन दशकांना इतिहासकार 'गिल्डेड एज' म्हणतात. हे नाव त्यांनी मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी मिळून लिहिलेल्या आणि १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरून घेतले. सुवर्णयुग नव्हे, सोन्याचे पाणी दिलेले युग, असा त्या नावाचा रोख आहे. वर सोने आणि आत हलका धातू, हे रूपक इतके सोपे व परिणामकारक आहे की, पैसा आणि सत्ता यांच्या संगनमताविषयी कोठेही बोलायचे झाले तरी ते हाताशी येते. आपल्याकडे सहकारी साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या सत्तेविषयी जे लिहिले गेले, त्यामागेही बहुधा हेच रूपक नकळत उभे असते. 'साखरसम्राट' या शब्दातच ते आहे. सम्राटपद खोटे आणि साखर तेवढी खरी, असा उपरोध त्या शब्दात मुरलेला आहे.

प्रस्तुत लेखात या रूपकाची मर्यादा तपासायची आहे. मुलाम्याचे रूपक भ्रष्टाचाराला दिखावा मानते. दिखावा खरवडला की सत्य हाती लागते, असा त्याचा विश्वास असतो, आणि म्हणून या रूपकावर उभी राहणारी साहित्यकृती उपहास आणि भांडाफोड या दोन रीतींनीच चालते. परंतु जेथे वरचे सोने खोटे नसते, जेथे शाळा खरोखर शाळा असते आणि कारखाना खरोखर शेतकऱ्याचे जीवन बदलतो, तेथे ही रीत अपुरी पडते. पश्चिम महाराष्ट्रातील सत्ता-संपत्तीचा प्रश्न असाच आहे, आणि मराठीतील या विषयावरच्या महत्त्वाच्या कृतींचे यशापयश याच ठिकाणी ठरते, असे मला वाटते.

२

प्रथम मूळ कादंबरीकडे पाहू. तिच्या प्रकाशनाच्या आगेमागेच अमेरिकेत दोन मोठी प्रकरणे उघडकीस आली होती. न्यूयॉर्क महापालिकेच्या तिजोरीवर हात मारणाऱ्या ट्वीड टोळीचे बिंग १८७१ साली फुटले. १८७२ साली युनियन पॅसिफिक रेल्वेच्या बांधकामाशी निगडित 'क्रेडिट मोबिलिए' कंपनीचे शेअर काँग्रेसच्या सदस्यांना कसे वाटले गेले, हे वृत्तपत्रांतून बाहेर आले. कादंबरीतील सिनेटर डिलवर्दी हे पात्र कॅन्ससच्या सिनेटर पॉमरॉय यांच्यावरून बेतलेले आहे. राज्य विधिमंडळातील एका सदस्याला मतासाठी पैसे दिल्याचा आरोप पॉमरॉय यांच्यावर १८७३च्या आरंभी झाला होता. म्हणजे ही कादंबरी जवळजवळ वर्तमानपत्राच्या वेगाने लिहिली गेली आहे. तिचा जोमही यातच आहे आणि तिचा उथळपणाही.

कादंबरीच्या मध्यभागी जमीन आहे. हॉकिन्स कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाने टेनेसी राज्यात पंचाहत्तर हजार एकर जमीन घेऊन ठेवली आहे. ती एक दिवस सोन्याच्या मोलाने विकली जाईल, या आशेवर दोन पिढ्या कुजतात. दत्तक मुलगी लॉरा वॉशिंग्टनला जाते, आपल्या रूपाच्या आणि बुद्धीच्या बळावर लोकप्रतिनिधींना वळवू लागते, आणि डिलवर्दीच्या मदतीने एक विधेयक पुढे रेटते. सरकारने ही जमीन विकत घ्यावी आणि तेथे नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी औद्योगिक विद्यापीठ काढावे, असे ते विधेयक आहे. धर्मशील, रविवारच्या शाळेतून मुलांना नीती शिकवणारा डिलवर्दी या विधेयकाचा पुरस्कर्ता आहे, हे ओघाने आलेच. पुढे त्याची लाचखोरी उघड होते, विधेयक पडते, चौकशी होते आणि सिनेटर त्या चौकशीतून सुखरूप बाहेर येतो. जमीन शेवटी कर न भरल्यामुळे सोडून दिली जाते.

या कथानकात एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. लुटीसाठी निवडलेले निमित्त म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांचे शिक्षण. हे निमित्त लेखकांना हास्यास्पद वाटते. ज्यांच्या नावाने विद्यापीठ निघणार आहे, ते लोक मात्र कादंबरीत जवळजवळ नाहीतच. विद्यापीठ खोटे, म्हणून त्याची गरजही जणू खोटी, असा निष्कर्ष वाचकाच्या मनात नकळत उतरतो.

याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले, आणि ते अर्पण केले होते अमेरिकेतील सज्जन लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ निष्ठेबद्दल. याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. एकाच वर्षात एक मराठी लेखक अमेरिकेच्या मुक्तिकार्याला आदर्श मानतो आणि दोन अमेरिकन लेखक त्या मुक्तिकार्याच्या नावाने चाललेला बाजार दाखवतात. फुले यांना अमेरिका दुरून दिसत होती, म्हणून ते भोळे ठरले, असे कोणी म्हणेल. मला ते तसे वाटत नाही. फुले ज्याकडे पाहत होते ते मूल्य होते. ट्वेन आणि वॉर्नर ज्याकडे पाहत होते तो त्या मूल्याचा वापर होता. दोन्ही दृष्टी एकत्र आल्याशिवाय सत्तेचे पूर्ण चित्र तयार होत नाही. मूल्यात खरी ताकद असते, म्हणूनच त्याचा वापर करता येतो. ज्या ध्येयावर कोणाचाही विश्वास नाही, त्याच्या नावाने कोणी कर्ज काढू शकत नाही.

उपहासाची आणखी एक अडचण येथेच नोंदवावीशी वाटते. कर्नल सेलर्स हे कादंबरीतील सर्वांत गाजलेले पात्र. घरात सणंगभर कापड नाही आणि तोंडी लाखांची भाषा, असा हा मनोराज्यात रमणारा योजनाबहाद्दर. १८७४ साली हे पात्र रंगभूमीवर आले आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. सट्टेबाजीवर टीका करायला निघालेल्या लेखकांनी सट्टेबाजाला लाडका करून ठेवले. हसणारा वाचक स्वतःला त्या व्यवहाराच्या बाहेर समजतो, आणि व्यवहार सुरूच राहतो.

३

अमेरिकन कादंबरी या टप्प्यावर थांबली नाही. हेन्री ॲडम्स यांची 'डेमॉक्रसी' १८८० साली निनावी प्रसिद्ध झाली. हॉवेल्स यांनी १८८५ साली रंगाचा कारखाना काढून धनिक झालेल्या सायलस लॅफमची कथा लिहिली. १८९९ साली व्हेब्लेन यांनी निरुद्योगी वर्गाचा सिद्धांत मांडून दिखाऊ उपभोगाला शास्त्रीय नाव दिले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती फ्रँक नॉरिस यांची 'द ऑक्टोपस' ही १९०१ सालची कादंबरी. कॅलिफोर्नियात १८८० साली रेल्वे कंपनी आणि गव्हाचे शेतकरी यांच्यात मसल स्लू येथे झालेली रक्तरंजित चकमक तिच्या पाठीशी आहे.

येथे विषय तोच असला तरी कथनाची रीत बदलते. डाइक नावाचा एक माणूस रेल्वेची नोकरी गेल्यावर हॉप्सचे पीक घेतो. पीक भरघोस येते, बाजारभाव चढतो, आणि त्याच वेळी रेल्वे त्या मालाचे भाडे पौंडामागे दोन सेंटांवरून पाच सेंट करते. डाइक बुडतो. यात कोणी लाच घेतलेली नाही, कोणी कायदा मोडलेला नाही. दरपत्रकातील एक आकडा बदलला, एवढेच. भ्रष्टाचार पाकिटात शोधणाऱ्या कथनाला ही गोष्ट दिसू शकत नाही. नॉरिस यांना ती दिसली, कारण त्यांनी गहू पिकतो कसा आणि बंदरापर्यंत जातो कसा, याचा माग घेतला.

नॉरिस यांनी दुसरे एक अवघड सत्यही टाळलेले नाही. शेतकऱ्यांचा पुढारी मॅग्नस डेरिक हा जुन्या वळणाचा, शब्दाला जागणारा माणूस. रेल्वेशी लढायचे तर दर ठरवणाऱ्या आयोगावर आपली माणसे हवीत, म्हणून तो लाच देण्याच्या कटात सामील होतो, आणि त्याचाच मुलगा आयोगावर जाऊन रेल्वेला फितूर होतो. अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली संघटना अन्यायाचीच हत्यारे हाती घेते, तेव्हा तिचा पराभव रणांगणावर होण्याआधीच झालेला असतो. हा माणूस ढोंगी नाही. त्याच्या अंगावरचे सोने खरेच होते, आणि म्हणून त्याचे पतन हास्यास्पद न होता शोकात्म होते.

तरीही नॉरिस यांच्या कादंबरीत एक पोकळी आहे. तिच्यातील शेतकरी हे मोठे जमीनदार आहेत. त्यांच्या शेतात प्रत्यक्ष राबणारे हात कादंबरीच्या कडेला, गर्दीसारखे उभे राहतात. शेतकरी विरुद्ध रेल्वे या झगड्यात मजुराला बाजू नाही. ही पोकळी लक्षात ठेवून आता आपल्याकडे वळू.

४

फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ साली शेतकऱ्याच्या नागवणुकीचे जे वर्णन आले, त्यात कामगारांची लाचखोरी आणि सावकारी यांचा हिशेब तर आहेच, पण उपायही आहेत. पाणी अडवावे, बंधारे घालावेत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, असे ते उपाय. पश्चिम महाराष्ट्रातील सहकाराकडे या दृष्टीने पाहिले तर तो एका जुन्या मागणीची उशिराने झालेली पूर्ती वाटतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५०च्या सुमारास पहिला कारखाना उभा राहिला. वारणेच्या काठी तात्यासाहेब कोरे यांनी त्याच दशकात कारखान्याची उभारणी सुरू केली आणि त्याभोवती पुढे दूध संघ, बाजार, शाळा व महाविद्यालये आली. १९६०चा सहकारी संस्था कायदा, धरणांचे पाणी आणि शासनाचे भागभांडवल यांनी या चळवळीला बळ दिले. ज्या प्रदेशात सत्यशोधक चळवळ रुजली, जेथे शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेथे शेतकऱ्याच्या हाती कारखाना येणे, ही केवळ आर्थिक घटना नव्हती.

मग सत्ता कोठे जमा झाली? त्याचे उत्तर कारखान्याच्या रोजच्या भाषेत मिळते. सभासदाला एक मत असते, पण ऊस कोणाचा आधी तुटायचा, हे तोडणीच्या कार्यक्रमावर ठरते. नंबर लांबला की ऊस वाळतो, तुरा येतो, वजन घटते आणि पुढच्या पिकाचा हंगाम चुकतो. ज्याच्या हाती तोडणीची तारीख, त्याच्या हाती मत. शिवाय उसाच्या बिलातून होणारी कपात, बिनपरतीच्या ठेवी, वजनकाटा, साखर उतारा आणि अंतिम दर या साऱ्यांतून संस्थेचे भांडवल वाढते आणि संस्थेवरचा ताबाही. डाइकला जसा भाड्याच्या आकड्याने बुडवला, तसा येथे एखादा सभासद तारखेने वठणीवर आणता येतो. यात गुन्हा नाही, निदान न्यायालयात सिद्ध होईल असा नाही. हाच तो धातू, जो मुलामा खरवडून दिसत नाही, कारण त्याच्यावर मुलामा नाहीच. तो उघड्यावर पडलेला आहे.

१९८३ साली विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी मिळाल्यानंतर या सत्तेला शिक्षणाची नवी जोड मिळाली आणि 'शिक्षणसम्राट' हा शब्द रूढ झाला. ट्वेन आणि वॉर्नर यांचे विद्यापीठ कागदावरच राहिले. आपल्याकडची महाविद्यालये प्रत्यक्ष उभी राहिली आणि त्यांतून पहिल्या पिढीचे हजारो पदवीधर बाहेर पडले. डिलवर्दीच्या मापाने हे मोजता येणार नाही, हे येथेच स्पष्ट व्हावे.

५

या पार्श्वभूमीवर मराठीतील तीन कृतींचा विचार करता येईल. पहिली कादंबरी नव्हे, चित्रपट आहे. परंतु विजय तेंडुलकर यांची पटकथा ही वाङ्मयीन संहिता म्हणूनच वाचायला हवी. जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' १९७४ साली तयार झाला. हिंदुराव धोंडे पाटील हा कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या गावात एक भणंग, दारूच्या आहारी गेलेला, पूर्वायुष्यात गांधीवादी असलेला मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला आपले साम्राज्य दाखवतो, आणि त्या दाखवण्यात खोटेपणा नाही. कारखाना चालतो आहे, माणसे कामाला आहेत, गावात पैसा आला आहे. तेंडुलकरांचे सामर्थ्य असे की, त्यांनी या कर्तृत्वाची टर उडवलेली नाही. मास्तर हिशेब मागत नाही, दप्तर तपासत नाही. गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे हा निवृत्त सैनिक कोठे गेला, एवढेच तो पुनःपुन्हा विचारत राहतो. समृद्धीचा ताळेबंद पूर्ण आहे, पण त्यात एक माणूस जमेला धरलेला नाही. तो माणूस दलित आहे, ही गोष्ट आनुषंगिक नव्हे. उपहासाला जे साधले नसते, ते हा एक प्रश्न साधतो. तो कर्तृत्व नाकारत नाही, त्याची किंमत कोणी मोजली ते विचारतो.

मात्र 'सामना'ची दृष्टी बाहेरून येणाऱ्याची आहे. मास्तर गावचा नाही, सभासद नाही. त्याचे नैतिक स्वातंत्र्य त्याच्या भणंगपणातून आलेले आहे. आणि निळू फुले यांनी हिंदुराव इतका समर्थपणे उभा केला की पुढच्या दोन दशकांत मराठी पडद्यावर त्याच्या नकला झाल्या. त्या नकलांत कर्तृत्व गळून पडले, राहिली ती टोपी, जरब आणि वासना. शोकात्म पात्राचे खलनायकी ठशात रूपांतर झाले. कर्नल सेलर्सला प्रेक्षकांनी लाडके केले, आपण हिंदुरावाला सोयीस्कर तिरस्काराचा विषय केले. दोन्हीकडे प्रेक्षक स्वतः मोकळा सुटला.

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांचे कथनकेंद्र मुंबईत आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, त्यांना शह देऊ पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगार पुढारी डिकास्टा आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस, यांतून साधूंनी सत्तास्पर्धेची यंत्रणा मराठीत प्रथमच इतक्या तटस्थ सफाईने मांडली. परंतु येथे ग्रामीण संपत्ती ही आमदारांच्या संख्याबळाच्या रूपाने अवतरते. ती कोठे आणि कशी तयार होते, हे कादंबरीच्या क्षितिजाबाहेर राहते. पत्रकाराला बातमी दिसते, उत्पादन दिसत नाही. नॉरिस यांच्या कादंबरीतील प्रेस्ली हा कवी आणि साधूंचा दिगू हे एका जातीचे साक्षीदार आहेत. दोघांनाही सर्व कळते आणि दोघांच्याही हाती काही नाही. फरक एवढाच की, प्रेस्लीने गव्हाचे शेत पाहिलेले आहे.

रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' (१९९४) ही या मालिकेतील महत्त्वाची पुढची पायरी. १९४२च्या आंदोलनापासून पुढची जवळजवळ चार दशके तिच्या पटावर आहेत. १९९९ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्यलढ्यातील त्याग, त्यानंतरचे राजकारण, सहकार आणि शिक्षणसंस्था यांचे धागे येथे एकाच विणीत येतात. त्याग हे भांडवल कसे होते आणि त्या भांडवलावर व्याज कसे सुरू होते, हे दाखवण्यासाठी दीर्घ काळाचा पट लागतो. उपहासाला एक प्रसंग पुरतो, पण ऱ्हासाला पिढ्या लागतात. पठारे यांनी ती गरज ओळखली. येथे सोने आधी खरे होते, मग हळूहळू त्याचे पाणी झाले, ही प्रक्रिया ट्वेन-वॉर्नरच्या रूपकाच्या नेमकी उलट आहे.

६

या तिन्ही कृतींपुढे उभा राहणारा प्रश्न नॉरिस यांच्यापुढेही होता. ऊस तोडतो कोण? बीड, अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू भागांतून दरवर्षी टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांचे अंग गहाण असते. कारखान्याच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. दोन माणसांना मोजताना भाषा त्यांना एका हत्याराच्या नावाने ओळखते. सत्तेच्या समाजशास्त्रावरचा मोठा ग्रंथ जे सांगणार नाही, ते या एका मोजमापात आहे. सहकारात शेतकरी सभासद आहे, तोडणी करणारा नाही. मत नाही, भाग नाही, दरावर बोलण्याचा अधिकार नाही. सभासद आणि संचालक यांच्यातील झगडा ही आपल्या राजकीय कादंबरीची कक्षा राहिली. त्या दोघांच्या पायाखाली कोण उभे आहे, हे तिने क्वचितच पाहिले. मारुती कांबळे नाहीसा झाला म्हणून मास्तर प्रश्न विचारू शकला. दरवर्षी दसऱ्यानंतर येऊन हंगाम संपताच जाणारी माणसे नाहीशी झाली, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे लिहिताना लेखकाच्या स्थानाचाही विचार टाळता येत नाही. सहकाराने उभ्या केलेल्या परिसरात, त्याच परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांना साहित्य शिकवणाऱ्यांना मुलाम्याचे रूपक सोयीचे नाही. आपण ज्या इमारतीत शिकवतो ती खोटी आहे, असे म्हणणे असत्य ठरेल. ती केवळ उपकार आहे, असे म्हणणे त्याहून मोठे असत्य ठरेल, कारण ती इमारत उसाच्या बिलातील कपातीतून आणि कोयत्याच्या उचलीतून उभी आहे. कृतज्ञता आणि चिकित्सा यांपैकी एकच निवडा, असा आग्रह दोन्ही बाजूंनी होतो. समीक्षेने तो मानू नये. सभासदाच्या घरातून आलेला विद्यार्थी 'सामना' पाहून हसतो, तेव्हा तो मुंबईकराच्या नजरेने स्वतःच्या घराकडे पाहत असतो. तोच विद्यार्थी चिडला, तर तो घराण्याच्या नजरेने पाहत असतो. दोन्ही नजरा उसन्या आहेत.

एकविसाव्या शतकात आजारी पडलेले अनेक सहकारी कारखाने लिलावात निघून खासगी मालकीत गेले. म्हणजे ज्या व्यवस्थेचे चित्रण करण्यास मराठी कादंबरीने उशीर केला, ती व्यवस्थाच आता बदलत आहे. तरी तो विषय संपलेला नाही. उलट, सामूहिक मालकीचे खासगी मालकीत रूपांतर कसे होते, कोणत्या सभांत, कोणत्या ठरावांनी, कोणाच्या मौनातून, हे दाखवणे कादंबरीलाच शक्य आहे. त्यासाठी तिला लाचेचे पाकीट शोधण्यापेक्षा तोडणीची तारीख, वजनकाटा, उचल आणि ठेव या शब्दांचे अर्थ शोधावे लागतील. भ्रष्टाचार ही व्यक्तीची नीतिभ्रष्टता आहे, या समजुतीतून बाहेर पडून तो माणसामाणसांतील संबंधांची रचना आहे, हे मानावे लागेल.

फुले यांनी ज्या मूल्यापुढे हात जोडले आणि ट्वेन-वॉर्नर यांनी त्या मूल्याचा जो बाजार दाखवला, ते दोन्ही एकाच कथनात धरू शकेल अशी कादंबरी मराठीत पूर्णत्वाने अजून व्हायची आहे. 'ताम्रपट'ने तिची दिशा दाखवली आहे. ती लिहिणारा कदाचित सभासदाच्या घरातून येईल. अधिक शक्यता अशी की, तो टोळीबरोबर येऊन पाचटाच्या खोपीत वाढलेल्या आणि सहा महिने शाळा बुडवून शिकलेल्या पिढीतून येईल. त्या लेखनाचे स्वागत करण्याची तयारी, म्हणजे त्याला 'ग्रामीण' वा 'दलित' या कप्प्यात न ढकलता राजकीय कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवण्याची तयारी, हे आजच्या मराठी समीक्षेपुढचे काम आहे.